रुमालाखालचा सहा

पहाटे साडेपाचला तिकडे आठ वाजलेले असतात.
मार्केट यार्डात, अडत दुकानाच्या माळ्यावर,
हळदीच्या पोत्याला टेकून मी लॅपटॉप उघडते.
शू बाई हजेरी घेतात,
आणि माझं मगदूम हे आडनाव
त्यांच्या तोंडून मो-गो-दू-मू होऊन येतं,
चहात बुडवलेल्या खारीसारखं मऊ.

निंगबोचा प्रवेश झालाय, व्हिसा यायचाय.
तोवर माझा चीन एवढाच :
एक खिडकी, खिडकीत एक बाई,
बाईंच्या हातात एक कार्ड.

कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं.
अक्षरं समोरच्याकडे.
घेतलं की वाचायचं, लगेच खिशात कोंबायचं नाही.
मी अण्णांवर सराव करते.
अण्णा एका हातानं घेतात, उलटं करतात,
मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहितात
कबाडगे, बावीस पोती.
पेन्सिल कानावर, कार्ड टोपीत.

पुढचा धडा नकाराचा.
तिकडे तोंडावर कुणी नाही म्हणत नाही.
यानज्यू यानज्यू म्हणतात, अभ्यास करू, विचार करू,
म्हणजे नाही.
वर्गातला ब्राझीलचा मुलगा हैराण : मग कळायचं कसं?
मला हसू आवरेना.
अख्ख्या गणपती पेठेत
'बघू की' याचा दुसरा काही अर्थ
कुणी ऐकला असेल तर पुढं यावं.

अडले ते चेहऱ्यापाशी.
म्येनत्झ. चेहरा असतो, जातो, राखता येतो,
आणि, बाई म्हणाल्या,
दुसऱ्याला देताही येतो.
मी वहीत लिहिलं : आमच्याकडे नाक.
असतं. जातं. कापलं जातं. राखावं लागतं.
देता येतं का?
तिथं पेन थांबलं.

चवगोंडा बिरनाळेंचा चेक परत आला होता तेव्हा,
साडेचार लाखांचा.
मी बारावीला होते.
त्या संध्याकाळी अण्णा त्यांना घेऊन
यार्डाच्या फाटकातल्या हॉटेलात,
बाहेरच्या बाकड्यावर, सगळा बाजार बघेल असे
चहा पीत बसले. तासभर. हसले सुद्धा.
घरी आई भांडी आपटत होती,
आणि मी अण्णांना भित्रे म्हणाले होते, तोंडावर.
पैसे? आले थोडे.
बिरनाळेंचं दुकान मात्र उघडं राहिलं.

वहीत त्या प्रश्नापुढं मी काही लिहिलं नाही.

काल आकडे होते. एका हातावर दहापर्यंत.
सहाला अंगठा न् करंगळी ताठ,
मधली तीन बोटं मिटलेली.
मी माळ्यावर हात नाचवत बसलेली,
अण्णा जिन्यात थांबले.
"ही कसली खूण गं?"
सांगितलं, तर खांद्यावरचा टॉवेल काढला,
माझ्या हातावर टाकला, आणि आत त्यांचा हात आला.

आता लिलाव उघड्यावर, मोठ्यानं होतो.
त्यांच्या उमेदीत सौदा असाच व्हायचा,
कापडाखाली, बोटांनी,
चेहरा कोरा ठेवून.
त्यांनी माझी दोन बोटं दाबली, सोडली, पुन्हा तीन.
"किती?"
मी चुकले.
"गेले तुझे पाचशे."
पुन्हा. पुन्हा चुकले.
हाताला हळदीची पूड लागत होती, दिसत नव्हती.

या टॉवेलाखाली आजवर बाईचा हात आला नव्हता,
हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं,
कारण मग ते जरा वेळ गप्प राहिले.
गप्प राहण्याचे अर्थ पुढच्या आठवड्यात आहेत.
तोवर मीही गप्प राहिले,
हात न काढता.

आज सकाळी खाली गिऱ्हाईक आलेलं.
अण्णांनी गल्लीपलीकडं, हॉटेलच्या पोऱ्याला
अंगठा न् करंगळी ताठ करून
ऐटीत हात वर केला : सहा चहा.
पोऱ्या धावत आला,
हातात त्याचा मोबाईल.
"कुणाला लावू फोन, अण्णा?"